संध्याकाळी पाचला जाऊन बघ

प्रिय ताई,
माझी आत्या ७६ वर्षांची आहे. तिने लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती, म्हणजे परगावचे फोन जोडून द्यायची आणि तीन मिनिटं झाली की कॉल वाढवायचा का ते विचारायची, आणि आई-बाबा गेल्यावर मला आणि माझ्या भावाला तिनेच वाढवलं. तीन वर्षांपूर्वी अल्झायमर्सचं निदान झालं. गिरगावच्या खोलीत तिला एकटीला ठेवणं धोक्याचं वाटू लागलं, म्हणून दहिसरला माझ्याकडे आणलं. वन बीएचके, आम्ही दोघं नोकरी करणारी, मुलगी बारावीत, शिवाय सासूबाई. त्या काही बोलत नाहीत, पण त्यांचं न बोलणं घरभर ऐकू येतं. ब्यूरोच्या चार बायका येऊन गेल्या. दिवेलागणीला आत्या कानाशी वाटी धरून "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" असं विचारत घरभर फिरते. गेल्या महिन्यात पहाटे दार उघडून निघून गेली आणि बोरिवली स्टेशनवर पोलिसांना सापडली. "ड्यूटीवर चाललेय" म्हणत होती.
शेजारच्या काकू म्हणतात, नर्सिंग होममध्ये ठेव. मी तीन जागा बघितल्या. कर्जतला हिरवळ, टुमदार कॉटेज, महिना ६५ हजार. वसईला जुना बंगला, ४० हजार. मीरा रोडला इमारतीचा एक अख्खा मजला, ४५ हजार. सगळेच गोड बोलतात. पुण्याचा भाऊ म्हणतो, "जिने वाढवलं तिलाच आश्रमात टाकणार?" चांगली जागा ओळखायची कशी? आणि मी तिला खरंच टाकतेय का?
– एक भाची, दहिसर

प्रिय भाची,

दुसरा प्रश्न आधी घेते. तो मनात घोळत असला की पहिल्याचं उत्तर तुझ्या डोक्यात शिरायचं नाही.

ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७चा कायदा आहे ना, त्यात म्हाताऱ्या माणसाला टाकून देणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायद्याने तिथे एक अट घातली आहे, पुरतं सोडून देण्याचा हेतू असला पाहिजे. तीन ठिकाणं पालथी घालून, रात्री जागून मला एवढं लांब पत्र लिहिणारी बाई त्यात कशी बसेल? आणि हो, भावाला हेही सांग, की मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्या वारसांना मिळणार, त्यांच्यावर हाच कायदा सांभाळाची जबाबदारी टाकतो. गिरगावच्या खोलीचा विषय तुमच्यात कधी निघाला असेल तर हे वाक्य जरा हळू आवाजात म्हण. नुसता सल्ला पाठवण्यापेक्षा दर महिन्याच्या बिलाचा अर्धा वाटा पाठव म्हणावं, आणि दोन महिन्यांतून एक शनिवार-रविवार.

आता जागेचं. काकूंना सांग की आपल्या मुंबईत नर्सिंग होम म्हणजे गल्लीतलं दहा-पंधरा खाटांचं हॉस्पिटल. बाळंतपण, अपेंडिक्स, सलाइन. चालती-फिरती आत्या तिथे चार दिवसांत कॉटला खिळेल. साधे वृद्धाश्रम बहुधा 'स्वतःचं स्वतः करणारी' माणसंच घेतात. तुला हवं आहे ते डिमेन्शियाची, म्हणजे आत्यासारखी स्मृतिभ्रंश झालेली माणसं सांभाळणारं ठिकाण, आणि तिथला पहिला प्रश्न हा, की ती अंथरुणाला खिळली, गिळता येईनासं झालं, तरी ठेवाल ना? बऱ्याच जागा तेव्हा 'आता तुमचं तुम्ही बघा' म्हणतात. हे आजच, आणि लेखी विचार.

कागदांचं चटकन उरकते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात स्मरणशक्ती आणि स्थळकाळाचं भान बिघडणंही येतं. त्यामुळे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हे विचारायचं आणि प्रमाणपत्र डोळ्यांनी बघायचं. मॅनेजरने उत्तराऐवजी माहितीपत्रक पुढे केलं तर तेही एक उत्तरच समज.

पण कागद चोख असूनही जागा वाईट असू शकते. मी स्वतः पोळले आहे. सासूबाईंना हा आजार झाला तेव्हा आम्ही एक ठिकाण पसंत केलं. सकाळी अकरा वाजता बघायला गेलो होतो. सगळ्या आजींच्या वेण्या घातलेल्या, कुणाच्या डोक्यात अबोली, पुढे बाग. आम्ही विरघळलो. चार महिन्यांनी वसुबारसेला फराळाचा डबा घेऊन, न कळवता संध्याकाळी सात वाजता पोचले, तर अख्खा मजला अंधारात. साडेपाचला जेवण, सहाला गोळी, साडेसहाला दिवे बंद. कारण काय, तर दिवसाच्या बायका सातला सुटायच्या आणि रात्रीला सोळा माणसांमागे एकच मुलगी. बागेच्या दाराला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे असते हे त्या मुलीलाही ठाऊक नव्हतं. बाग आमच्यासाठी होती, सासूबाईंसाठी नव्हती.

म्हणून तुला सांगते, संध्याकाळी पाचला जा. या आजारात उन्हं कलली की जीव कासावीस होतो. घरी जायचंय, आई वाट बघत असेल, ड्यूटी आहे. तुझी आत्या वाटी कानाला लावते ती याच वेळी. सकाळी अकराला कुठलीही जागा बरी दिसते. पाच ते सात कोपऱ्यातली खुर्ची घेऊन बस, मोबाइल पर्समध्ये ठेव आणि नुसतं ऐक. एखादी आजी दाराशी जाऊन "मला घरी सोडा" म्हणते तेव्हा तिथली मुलगी काय करते? "गप बसा हो आजी, किती वेळा सांगायचं?" म्हणते, की हात धरून "चला, जाऊ या, आधी चहा घेऊ" म्हणत व्हरांड्यात एक फेरी मारून आणते? पहिल्यांदा सगळ्याच गोड बोलतात. सहाव्यांदा काय होतं ते बघ.

तिथे बसल्या बसल्या नाकालाही कामाला लाव. एखाद्या खोलीत लघवीचा वास आला म्हणून जागा बाद करू नकोस, माणसं राहतात तिथे. सगळीकडे, गाद्यांनासुद्धा, मुरलेला वास असेल तर मात्र उठ. आणि फिनेलचा घमघमाट असेल तर दोन दिवसांनी पुन्हा जा.

माणसं पेंगत असतील तर ते मला सगळ्यात जास्त खटकतं. शांत माणसं आणि गुंगीत ठेवलेली माणसं यांत फरक असतो. ताटात मान पडते, तोंडातून लाळ गळते, हाक मारली तर डोळा उघडत नाही. आरडाओरडा थांबवायला देतात त्या मनोविकारावरच्या गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला होता. कधी कधी त्या लागतातही, नाही असं नाही. पण कुठले डॉक्टर देतात, घरच्यांना विचारून देतात का, आणि कमी कधी करतात, हे विचार. बांधून ठेवण्याचंही तसंच. खुर्चीला ओढणी किंवा चादर गुंडाळलेली दिसली, तर "पडतात हो त्या, म्हणून" हे उत्तर ऐकून घेऊ नकोस. तोच २०१७चा कायदा सांगतो, की तत्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि नोंद करून बांधता येतं, आणि रुग्णाच्या नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवावं लागतं.

मग बायकांशी बोल. मॅनेजरशी नाही, मावश्यांशी. "किती दिवस झाले इथे?" एवढंच विचार. सगळ्याच दोन-तीन महिन्यांच्या असतील तर तिथे काहीतरी बिघडलेलं आहे. दिवसाला माणसं किती आणि रात्री दोन वाजता किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सलग २४ तासांची ड्यूटी असेल, तर रात्री तीनला पाचव्यांदा उठणाऱ्या आत्याशी गोड बोलायला त्या बाईत त्राण कुठून उरणार? आणि भाषा. हा आजार अलीकडचं आधी पुसतो, म्हणून मागाहून शिकलेल्या भाषाही अनेकदा आधी जातात. एक्सचेंजमध्ये सराईत इंग्रजी बोलणारी तुझी आत्या पुढे गिरगावच्या मराठीवर येईल. ओडिशा-झारखंडच्या मुली फार मायेने करतात, मी पाहिलं आहे, पण प्रत्येक पाळीत मराठी कळणारं एक तरी माणूस हवं. 'पोटात कळ येतेय' हे कुणाला तरी कळायला हवं.

न्हाणीघर स्वतः आत जाऊन बघ. लादी ओली आहे का, धरायला दांडे आहेत का, आंघोळीच्या वेळी दार बंद होतं का की सगळ्यांसमोर उरकतात. सीसीटीव्हीचं कौतुक सांगतील. कॅमेरा पडताना दाखवतो, सावरायला येत नाही. जेवणाच्या वेळी थांब. मऊ भात, वरण, भाजी कुस्करून कुणी शेजारी बसून भरवतं आहे, की ताटं समोर ठेवून वीस मिनिटांनी उचलली? दर महिन्याला वजनाची नोंद ठेवतात का ते विचार आणि वही बघायला माग. आणि एक प्रश्न माझ्याकडून: एखाद्या आजी दोन दिवसांत एकदम जास्त भ्रमिष्ट झाल्या तर तुम्ही काय करता? 'आजार वाढतोय' असं उत्तर आलं तर बरं नाही. अचानक बिघडण्यामागे पुष्कळदा लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा बद्धकोष्ठ असतं, आणि ते बरं करता येतं. 'आधी लघवी तपासतो, डॉक्टरांना बोलावतो' म्हणणारी नर्स भेटली की तिचं नाव लिहून ठेव.

पैशांत खाचाखोचा असतात. ४० हजारांत डायपर, औषधं, फिजिओ धरलेले नसतील तर ते ४० राहत नाहीत. डिपॉझिट किती, माणूस गेलं किंवा हलवलं तर ते किती दिवसांत परत, हे करारात आकड्यांत हवं.

आता तुझ्या तीन जागा. कर्जत मी आत्ताच काट मारते. दुरून डोंगर साजरे. दहिसरहून दादरला येऊन कर्जत गाडी धरायची आणि परत यायचं, म्हणजे अख्खा रविवार गेला. सुरुवातीला दर रविवारी जाशील, मग मुलीची परीक्षा येईल, मग मेगाब्लॉक, मग महिन्यातून एकदा. ज्या माणसाकडे कुणी अवचित येत नाही त्याचं दुखणंखुपणं मागे पडतं, हे कितीही चांगल्या ठिकाणी होतं. मीरा रोड तुझ्या पुढचंच स्टेशन आहे, वसई चौथं. संध्याकाळी विरार गाडीत दहिसरला चढायला मिळालं, तर वसईलाही ऑफिसनंतर जाऊन जेवायला घरी येता येईल. माझा कल मीरा रोडकडे आहे, पण एका अटीवर, त्या मजल्यावर आत्याला चालायला जागा हवी. बोरिवलीपर्यंत पायी जाणाऱ्या बाईला हॉल आणि पॅसेज पुरणार नाही. बंगल्याला आवार असेल आणि त्याच्या दाराची किल्ली वापरात असेल, तर वसई.

कुठलंही ठरव, आधी पंधरा दिवसांसाठीच ठेव. 'पहिले पंधरा दिवस भेटायला येऊ नका, रुळू द्या' असं काहीजण सांगतात. मला हे पटत नाही. तू गेल्यावर ती रडेल, हे खरं आहे, पण ती रडल्यावर तिथे काय होतं ते तुला कळायला हवं. ड्यूटीवर जायचं म्हणाली, तर 'तू रिटायर झालीस' हे सांगू नकोस, तिला रोज नव्याने रिटायर कशाला करायचं? 'अजून वेळ आहे, चहा घेऊन जा' म्हण. मध्येच तुझाच धीर सुटला तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनासाठी १४४१६, हे दोन सरकारी क्रमांक फ्रिजवर लावून ठेव. अल्झायमर्स सोसायटीची, म्हणजे एआरडीएसआयची, मुंबईत शाखा आहे, तिथे याच वाटेने गेलेली माणसं भेटतील.

सासूबाईंशी एकदा बोल. त्यांच्या गप्प बसण्यात राग असेलच असं नाही. आत्याकडे बघून त्यांना स्वतःचं पुढचं दिसत असेल.

जाताना सामानात तिची जुनी गोधडी, कुलदैवताचा फोटो आणि ती वाटी घाल. आणि एक अर्धा कागद लिहून मावश्यांच्या हातात दे, मॅनेजरच्या फाइलमध्ये नको. चहा बशीत ओतून घेते. डाव्या कानाने कमी ऐकू येतं की उजव्या, ते. आंघोळ सकाळी, संध्याकाळी नाही. अगदी वर मोठ्या अक्षरांत लिही: "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" असं तिने विचारलं, की "हो, वाढवा" म्हणायचं.

तुझी,
ताई