कोच हळू आवाजात काय विचारतो?

प्रश्न : ताई, आम्ही मिसिसागाला राहतो. मुलगा पंधरा वर्षांचा, आइस हॉकीच्या अंडर-16 ट्रिपल ए (वरच्या दर्जाच्या) संघात डिफेन्सला खेळतो. यंदा त्याचं ओएचएलच्या (ओंटारिओच्या ज्युनियर लीगच्या) ड्राफ्टचं, म्हणजे संघ मुलं निवडतात त्याचं वर्ष. कोच बेंचमागून सतत ओरडतो, चूक झाली की अख्खा तिसरा, म्हणजे शेवटचा पिरियड बसवून ठेवतो. शनिवारी सकाळी मुलगा पोह्यांना हात लावत नाही, मॅचला निघायच्या आधी दोनदा ओकला. त्याचे बाबा म्हणतात, "बॅबकॉकसारखा कोच मिळालाय, नशीब समज. खेळाडू असेच घडतात." कोचचा त्याच्यावर विश्वास आहे, हे मात्र खरं. पार्किंगमध्ये थांबवून विचारतो, कोण पार्ट्यांना जातं, कोण मनापासून खेळत नाही. पण ते ओरडणं मला बघवत नाही. मी उगाच हळवी झालेय का?
— एक आई

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात ओरडण्यावर पानभर मजकूर आहे आणि पार्किंगवर दीड ओळ. माझी झोप त्या दीड ओळीनं उडवली.

आधी ओरडण्याचं बोलू. गळ्यात शिट्टी अडकवून खो-खोच्या मैदानावर उभी राहिलेली बाई आहे मी. आवाज माझाही काही मंजुळ नव्हता. एनएचएल या हॉकीच्या सर्वोच्च लीगमधल्या फ्लोरिडा पँथर्सचा कोच पॉल मॉरिस मार्च 2023 मध्ये टोरंटोतल्या सामन्यात अख्ख्या बेंचवर असा बरसला की टीव्हीवाल्यांची पंचाईत झाली. संघ तो सामना ओव्हरटाइममध्ये जिंकला, कसाबसा प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत शिरला आणि थेट अंतिम फेरीत पोचला. पुढे 2024 आणि 2025 चा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपदही त्यांनी घेतलं. तो ओरडला म्हणून जिंकले, असं मी म्हणत नाही. पण ते बोलणं सगळ्यांसमोर होतं, सगळ्यांना होतं आणि खेळाविषयी होतं.

आता एनएचएलचा कोच माइक बॅबकॉक. यजमानांना सांगा, नाव त्यांनी अगदी नेमकं काढलंय. डेट्रॉइटबरोबर 2008 चा कप, कॅनडासाठी 2010 आणि 2014 ची ऑलिम्पिक सुवर्णं, हे सगळं खरं. (डेट्रॉइटच्या त्या संघात लिडस्ट्रॉम, डॅटसुक आणि झेटरबर्ग असे बडे खेळाडू होते, हेही खरं.) टोरंटोनं 2015 मध्ये त्याला आठ वर्षांसाठी पाच कोटी डॉलरचा करार दिला. नोव्हेंबर 2019 मध्ये काढून टाकलं तोपर्यंत प्लेऑफची एक फेरीही त्यानं जिंकून दिली नव्हती.

तो गेल्यावर काही दिवसांतच एक जुनी गोष्ट बाहेर आली. 2016-17 च्या मोसमात मिच मार्नर एकोणीस वर्षांचा, संघात नवा. बॅबकॉकनं त्याला एक यादी करायला सांगितली: संघात सगळ्यात जास्त मेहनत कोण करतं, सगळ्यात कमी कोण, क्रमानं लिही. पोरानं लिहून दिली. कोचला नाही कसं म्हणणार? मग बॅबकॉकनं ती यादी तळाला नावं असलेल्या मोठ्या खेळाडूंनाच सांगितली. त्यांनी मार्नरला दोष दिला नाही, हा त्यांचा मोठेपणा. या सगळ्यात ओरडणं कुठेच नाही. एक कागद आणि हळू आवाजातली एक विनंती, बस्स. तुमच्या मुलाच्या कोचनं कागद मागितला नाही, एवढाच फरक.

हा प्रश्न एवढा जड का होतो, ते हॉकीत नीट बघायला हवं. एनएचएलचा संघ तेवीस जणांचा. मॅचला उतरतात अठरा स्केटर आणि दोन गोली (गोलरक्षक). उरलेले धडधाकट असूनही सूट-टाय चढवून वर प्रेस बॉक्समधून मॅच बघतात. त्याला हेल्दी स्क्रॅच म्हणतात. उतरलेल्यांचीही एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची पाळी, साधारण पाऊण मिनिटाची. कुणाला किती शिफ्ट द्यायच्या हे कोच ठरवतो आणि कारण सांगायला बांधील नसतो. शिफ्ट कमी म्हणजे गोल-असिस्ट कमी, ते कमी म्हणजे पुढच्या करारातला आकडा कमी. नवख्याचा टू-वे करार असेल, तर एएचएल या खालच्या लीगमध्ये पाठवल्या दिवसापासून पगारही खाली. 2019 च्या मोसमात जेसन स्पेझा, टोरंटोत जन्मलेला मुरलेला खेळाडू, लीफ्सच्या (टोरंटोच्या संघाच्या) घरच्या पहिल्याच मॅचला, तीही त्याच्या जुन्या ओटावा संघाविरुद्ध, बाहेर बसला. बॅबकॉकनंच बसवला. एवढं ज्याच्या हातात आहे, त्यानं 'सहज' विचारलेलं सहज कसं राहील?

याचा पुढचा अंक 2023 चा. जुलैत कोलंबसच्या संघानं बॅबकॉकला नेमलं. ओळख करून घ्यायची म्हणून तो खेळाडूंना फोनमधले फोटो दाखवायला सांगायचा, अशी बातमी फुटली. कॅप्टन बून जेनर म्हणाला, त्यात वावगं काही नव्हतं. त्याला खरंच तसं वाटलं असेल. कॅप्टनला कोण बसवणार? पण खेळाडूंच्या संघटनेनं चौकशी केली, तेव्हा काही तरुण पोरं अवघडली होती, हे कळलं. 17 सप्टेंबरला त्यानं राजीनामा दिला. तोवर संघाचा एकही सामना झाला नव्हता.

तसं पाहिलं तर त्याच्या बोलण्याचेही घाव आहेतच. डेट्रॉइटचा स्वीडिश फॉरवर्ड योहान फ्रान्झेन यानं 2019 मध्ये सांगितलं की, रिंकवर जायचीच त्याला दहशत बसली होती. 2012 च्या नॅशव्हिलविरुद्धच्या मालिकेत बॅबकॉक बेंचवर त्याला इतकं बोलला की तो कोलमडला, हे तेव्हा क्लबमध्येच असलेल्या ख्रिस चेलिऑसनं सांगितलं. तिथेही मुद्दा आवाजाच्या पट्टीचा नाही. एकाच माणसाला धरून, पुन्हा पुन्हा, हा मुद्दा.

तर हळव्या नाही तुम्ही. आधी फॅमिली डॉक्टरकडे जा. ओकणं आणि न जेवणं हे 'ड्राफ्टचं टेन्शन' म्हणून सोडू नका. मुलाला एकच विचारा, आणि तेही मॅचहून परतताना गाडीत नको: "सरांना नावं सांगितलीस, तर त्या पोरांचं काय होतं?" तिसऱ्या पिरियडला बसणारी पोरं आणि त्यानं सांगितलेली नावं एकच असतील, तर त्याची भूक का मेली ते तुम्हाला तिथंच कळेल. आपल्या तोंडून मित्राचा बर्फावरचा वेळ गेला, हे ओझं पंधराव्या वर्षी फार होतं.

कोचशी बोलायला यजमानांनीच जावं. बऱ्याच संघांत मॅचनंतर चोवीस तास तक्रार करायची नाही असा नियम असतो, तो पाळा. टीम मॅनेजरला बरोबर बसवा. म्हणावं, याला बसवलंत तर का बसवलं ते त्याला सांगा, आणि दुसऱ्या मुलांविषयी त्याला विचारू नका. पार्किंगमध्ये एकट्याला गाठणंही बंद. भला कोच ऐकेल, कदाचित ओशाळेलही. नाहीच ऐकलं तर लीगकडे लेखी द्या. गंभीर तक्रारींसाठी हॉकी कॅनडानं 2022 पासून स्वतंत्र यंत्रणाही ठेवली आहे. ड्राफ्टमधून नाव जाईल या भीतीनं आई-बाप गप्प बसतात, आणि असल्या कोचचं त्यावरच चालतं.

प्रश्न : हॉकीपटूंना एवढे कोट्यवधी घेऊन 'मानसिक आरोग्य' म्हणून सुट्टी? ही चैन नाही का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. मॉन्ट्रियलचा गोली केरी प्राइस 2021 च्या उन्हाळ्यात संघाला अंतिम फेरीत घेऊन गेला आणि ऑक्टोबरमध्ये खेळाडूंच्या मदत योजनेत आपणहून उपचारांना दाखल झाला. लीग आणि खेळाडूंची संघटना 1996 पासून मिळून ही मदत योजना चालवतात. व्यसनाशी झगडत होतो, हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलं. एप्रिल 2022 मध्ये तो परतला आणि त्या वर्षीची चिकाटीसाठीची मास्टरटन ट्रॉफी त्याला मिळाली. 2019 मध्ये ती गोली रॉबिन लेनरला मिळाली होती. तो मंचावरून म्हणाला, मानसिक आजार आहे म्हणजे मी दुबळा आहे असं नाही. गुडघा फुटलेल्या खेळाडूला पगार मिळतो, तेव्हा तुम्ही पत्र लिहीत नाही.