इगतपुरीच्या जंगलातल्या ओढ्यावर दिसलेला चमकत्या हिरव्या पंखांचा किडा कोणता? उडताना मोरपंखी, बसला की काळपट. हा चतुर आहे का?

चतुर नाही, टाचणी, म्हणजे चतुराचीच बारीक अंगाची नातेवाईक. बसल्यावर पंख पाठीवर मिटले होते ना? चतुर ते विमानासारखे पसरून बसतो. शिवाय टाचणीचे दोन्ही डोळे एकमेकांपासून लांब असतात.

वर्णनावरून हा न्यूरोबेसिस चायनेन्सिस या जातीचा नर वाटतो. नावात चीन असला तरी ती आपल्या सह्याद्रीतही आहे, पसरली आहे पार चीन आणि आग्नेय आशियापर्यंत. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये तिचं नामकरण केलं.

रंगाची गंमत अशी, की हिरवी झळाळी फक्त मागच्या दोन पंखांच्या वरच्या बाजूला असते आणि पुढचे दोन पारदर्शक असतात. पंख मिटले की हिरवी बाजू आत जाते आणि आपल्याला दिसते ती खालची काळपट-तांबूस बाजू. म्हणून तुम्हाला एकच किडा दोन रंगांचा वाटला. ही झळाळी साध्या रंगद्रव्याची नाही. पंखावरच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित होऊन ती तयार होते, साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तशी. मादीला दाखवायला आणि दुसऱ्या नराला हुसकवायला नर हेच पंख झळकवतो.

मादी मात्र साधी, पिंगट पंखांची. शेजारीच बसलेली असेल, पण चटकन लक्षात येत नाही.

नाशिकच्या रामकुंडावर शोधू नका. हिला सावलीतलं, वाहतं, स्वच्छ पाणी लागतं, कारण पिल्लं पाण्यातच वाढतात. पावसाळा ओसरल्यावर, ऊन चढल्यावर जा आणि ओढ्यातल्या दगडांवर नजर ठेवा.