ग्रामर लिहून ऑर्केस्ट्रा बसवता येतो का?

प्रश्न : गॅदरिंगला आजीच्या जात्यावरच्या ओवीची चाल बसवायची आहे, फ्लूट, व्हायोलिन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, चेलो असे सगळे मिळून बारा-पंधराजण आहोत. भाऊ कॉम्प्युटर सायन्सला आहे, तो म्हणायलाय की ग्रामर लिहून दिलं की कॉम्प्युटरच सगळ्यांचे पार्ट काढतो. खरंच होतं का असं?
– एक वाचक, परभणी

उत्तर : होतं की, पण नियम तुम्हालाच लिहावे लागतात आणि खरी मेहनत तिथंच आहे. ग्रामर म्हणजे इथं ‘याच्या जागी हे ठेवा’ असले नियम, भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीनं 1956-57 च्या सुमारास भाषेसाठी मांडले तसे. म्हणजे बघा, गाणं = ओवी + गाणं किंवा नुसती ओवी; ओवी = धून, साथ, खर्ज एकाच वेळी; धून = फ्लूट किंवा व्हायोलिन किंवा ट्रम्पेट; खर्ज = चेलो, असं उलगडत उलगडत प्रत्येकाचा पार्ट निघतो.

अडतं कुठं, तर साध्या ग्रामरमध्ये उलगडताना धून, साथ, खर्ज अशा फांद्या फुटतात, आणि एका फांदीला शेजारच्या फांदीत काय चाललंय ते कळत नाही, मग फ्लूट खालच्या सप्तकात धून धरतो, तिथं त्याचा आवाज मुळातच बारीक, आणि साथीला नेमका ट्रम्पेट येतो, की धून गेलीच! म्हणून प्रत्येक नियमासोबत माहिती जोडायची, आवाज किती, सूर कुठंपर्यंत (व्हायोलिन नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये 196 हर्ट्झच्या ‘जी’ या सुराच्या खाली जातच नाही), आणि मागच्या ओवीत धून कुणाकडं होती. हे शेवटचं तर फारच महत्त्वाचं, कारण ओवीची चाल छोटी आणि तीच तीच येते, रंगत वाद्यं बदलण्यातच आहे.

1980 च्या दशकात बर्नार्ड बेल आणि जिम किपन यांनी लखनौ घराण्याच्या तबल्यातल्या कायद्यांचं (कायदा म्हणजे ठरलेल्या बोलांचा विस्तार करत वाजवायची रचना) ग्रामर लिहून ‘बोल प्रोसेसर’ नावाचा कॉम्प्युटर प्रोग्राम केला, त्यातनं निघालेलं उस्तादांना ऐकवायचं, ते हे चालेल, हे नाही चालत म्हणायचे, त्यावरनं नियम दुरुस्त व्हायचे. मला हीच पद्धत सगळ्यात पटते. तुम्ही आजीला ऐकवा, आणि त्या नको म्हणल्या तर भावानं नियम बदलायचा, वाद घालायचा नाही.

सुरुवात दोनच वाद्यांवर करा. आणि हो, बी फ्लॅट क्लॅरिनेट-ट्रम्पेटवर लिहिलेला सी हा बी फ्लॅट वाजतो, तेव्हा त्यांचे पार्ट एक पूर्ण स्वर वर लिहायचा नियम अगदी शेवटी ठेवा. तयार पार्ट म्यूझस्कोर या नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, फुकट आहे, वाद्याच्या आवाक्याबाहेरचा सूर तिथं वेगळ्या रंगात दिसतो.