'द स्टुडंट नर्सेस' (१९७०) बघण्यासारखा आहे का? बाईनं दिग्दर्शित केला म्हणून एक्सप्लॉयटेशन सिनेमाला, म्हणजे उघडं अंग आणि सनसनाटी दाखवून गल्ला भरणाऱ्या स्वस्तातल्या सिनेमाला, स्त्रीवादी म्हणायचं का?

बघा. दुसऱ्या प्रश्नावर बोलायला इथे प्राध्यापक भरपूर आहेत. मी जन्मभर नर्सिंग केलंय, त्यामुळे पहिल्यावर मला अधिकार आहे.

पोस्टरवर जाऊ नका. निर्माता रॉजर कॉर्मननं १९७० साली न्यू वर्ल्ड पिक्चर्स ही सिनेमा कंपनी काढली, तेव्हा त्याचा हिशेब सरळ होता: देखण्या पोरी, ठरावीक अंतरानं उघडं अंग, उरलेल्या जागेत दिग्दर्शकानं हवं ते करावं. दिग्दर्शिका स्टेफनी रॉथमननं त्या उरलेल्या जागेतच अख्खा सिनेमा बसवला. तोही दीड लाख डॉलरच्या आसपास.

आमचे धाकटे भावोजी फिल्म सोसायटीवाले. दिवाळीला सगळे जमले असताना त्यांनी टीव्हीवर हे पोस्टर लावलं. "वहिनी, तुमच्या खात्याचा सिनेमा!" घरभर हशा. असला हशा मी ट्रेनिंगला लागल्यापासून ऐकतेय. म्हटलं, पोरं झोपू देत, मग लावाच.

सिनेमात चार शिकाऊ नर्स आहेत. चौघींपैकी प्रिसिलाचं लग्न झालेलं नाही, गांजा-एलएसडी विकणाऱ्या एकापासून तिला दिवस जातात. कॅलिफोर्नियात १९६७ च्या कायद्यानं गर्भपाताला परवानगी होती, पण बाईच्या शरीराला किंवा मनाला धोका आहे, किंवा दिवस बलात्कारातून वा जवळच्या नात्यातून गेलेत, असं हॉस्पिटलच्या समितीला पटलं तरच. समितीला पटत नाही. मग राहत्या घरातच मैत्रिणीचा डॉक्टर मित्र ते उरकतो. भावोजी जांभई देत म्हणाले, "हा मेलोड्रामा उगाच घुसडलाय."

उगाच? मी एका खासगी हॉस्पिटलात होते तेव्हाची गोष्ट. एक बाई आली, पदरात दोन पोरं, तिसरं नको होतं. आपला कायदा १९७१ चा. त्यात सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. आमच्या डॉक्टरांचा हेका एकच: नवऱ्याची सही आणा, मग बघू. ती मुकाट्यानं गेली. पुन्हा आली ती रात्री, कुणाकडून तरी काडी घालून घेऊन. अंगात सणकून ताप, लुगडं भिजून पायाला चिकटलेलं. नाइटला मी होते. सलाइन लावायला शीर सापडेना, आणि ती बाई शुद्धीवर असेपर्यंत एकच विचारत होती, "ह्यांना कळवलं का हो सिस्टर?" वाचली. पिशवी गेली. डॉक्टर सकाळी राउंडला आले, केसपेपर बघितला आणि पुढच्या कॉटकडे वळले.

हे मी सगळ्यांदेखत सांगितलं. भावोजींचं पालुपद तेच: "एवढा विषय गंभीर, तर बाईनं बायकांचे कपडे कशाला उतरवायचे?" अहो, पैसे घालणाऱ्याची अटच ती होती! गर्भपातावर धड सिनेमा काढते म्हणून कोण मोठा स्टुडिओ तिला दारात उभं करणार होता? गर्भपाताचा हक्क मानणारा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला १९७३ उजाडलं. ड्राइव्ह-इनला, म्हणजे गाडीत बसून सिनेमा बघायच्या उघड्या थिएटरला, अंग बघायला आलेल्या पोरांना तिनं ती समिती बघायला लावली, हे मला पुष्कळ झालं.

आणि अन्याय बघा. कॉर्मनकडेच १९७४ मध्ये 'केज्ड हीट' हा बायकांच्या तुरुंगाचा सिनेमा काढणारे जोनाथन डेमी पुढे ऑस्करपर्यंत गेले. रॉथमनचा 'द वर्किंग गर्ल्स' त्याच साली आला आणि तोच तिचा शेवटचा. डेमींना कुणी विचारलं नाही, कपडे का उतरवले म्हणून.

आता राहिलेलं सांगते. अभिनय यथातथाच आहे. समुद्रकिनाऱ्यावरचं एलएसडी प्रकरण रबरासारखं ताणलंय. काही नागवेपणा निव्वळ भरतीचा आहे, तो सासरच्या मंडळींसोबत बघू नका. आणि असे सिनेमे दिग्दर्शित करणारी रॉथमन ही पहिली बाई नव्हे, डोरिस विशमन तिच्या आधीपासून होती.

आवडला तर रॉथमनचाच 'टर्मिनल आयलंड' (१९७३) बघा. खुन्यांना बेटावर सोडून देतात, आणि त्यातला एक डॉक्टर दयामरणापायी शिक्षा झालेला. तो डॉक्टर झालाय नट टॉम सेलेक. भावोजींना तो सिनेमा मात्र 'इंटरेस्टिंग' वाटतो.