मुलगी आठवीत आहे, गणितात पायऱ्या गाळते. पायरी-पायरीने सोडवायची सवय कशी लावावी?

सवय लावायच्या आधी पायरी कशाला म्हणायचं ते तुम्ही ठरवून घ्या. गाईडातल्या ओळी त्याच क्रमाने वहीत उतरवल्या म्हणजे पायऱ्या झाल्या, असं मी अजिबात मानत नाही. वरच्या ओळीवरून खालची का आली याचं कारण सांगता आलं, तरच ती पायरी.

हे ठासून सांगतेय, कारण नववीत माझे यावरूनच गुण गेले. समद्विभुज त्रिकोणात समान बाजूंसमोरचे कोन समान असतात, हे सिद्ध करायचं होतं. सगळ्या वर्गाने शिरोकोनाचा दुभाजक काढला. मी काहीच काढलं नाही. त्रिकोण अबक, त्यात अब = अक. मी अबक आणि अकब हेच दोन त्रिकोण धरले. अब = अक, अक = अब, कोन अ सामाईक. बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने दोन्ही एकरूप, म्हणून संगत कोन ब आणि क समान. प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिहिलेलं. सरांनी अख्ख्या उत्तरावर फुली मारली. "रचना कुठंय? त्रिकोण स्वतःशीच एकरूप दाखवून काय मिळवलंस?" मी म्हटलं, सर, शिरोबिंदूंचा क्रम बघा, 'ब'ची जोडी 'क'शी लावलीय. "पुस्तकात आहे तसं लिहायचं," म्हणाले आणि पुढचा पेपर ओढला.

कॉलेजात गेल्यावर कळलं, ही सिद्धता अलेक्झांड्रियाच्या पॅपसच्या नावावर आहे, इसवी सनाच्या चौथ्या शतकातला माणूस. युक्लिडने हेच प्रमेय समान बाजू खाली वाढवून, आणखी रेषा जोडून सिद्ध केलं होतं. पॅपसला एकही जादा रेघ लागली नाही. ते गुण माझे होते, हे मी आजही म्हणते.

तुमच्या मुलीला गाळलेली पायरी तोंडी विचारा. पटकन सांगितली तर तिला समजलंय, नुसता लिहायचा कंटाळा आहे. अडखळली तर तिथेच थांबा. क्ष² = ५क्ष हे देऊन बघा. पुष्कळ मुलं दोन्ही बाजूंना क्षने भागतात आणि क्ष = ५ लिहून मोकळी होतात. विचारा, क्ष शून्य असेल तर भागता येईल का? मग ५क्ष डावीकडे घ्यायला लावा: क्ष(क्ष − ५) = ०, म्हणजे क्ष = ० किंवा ५. घाईत एक उत्तर गेलं होतं हे तिचं तिलाच दिसेल.

परीक्षेत मात्र पक्ष, साध्य, कारणं सगळं लिहायलाच हवं, तिथे पायरीला गुण असतात. पण वही तपासताना वेगळी रीत दिसली तर "पुस्तकात असं नाही" म्हणून खोडू नका. कुठली ओळ चुकली त्यावर बोट ठेवून दाखवा. दाखवता येत नसेल तर पूर्ण गुण द्यायचे, मग तपासणारा कोणी का असेना.