जुन्या दगडी घरात वायफाय: प्लॅन वाढवू नका, वायर ओढा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सोलापूरच्या साखर पेठेतलं जुनं घर, पुढचा भाग दगडी, त्यावर नंतर चढवलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या, मागे पत्र्याच्या शेडमध्ये चार माग. राउटर पुढच्या खोलीत, टीव्हीच्या वरच्या फळीवर. लेकीचे क्लास वरच्या मागच्या खोलीत, तिथे आवाज तुटतो. शेडमध्ये तर मोबाईल वायफाय धरतच नाही. आणि कनेक्शनवाला मुलगा म्हणतोय, शंभर एमबीपीएसचा (नेटच्या वेगाचं माप) प्लॅन सोडा, तीनशेचा घ्या.

घेऊ नका. ऑनलाइन क्लासला तीन-चार एमबीपीएस पुरतात, तुमच्याकडे शंभर येतायत. खालची टाकी भरलेली आहे, वरच्या नळाला पाणी चढत नाही, अशी ही गत. मोठी टाकी आणून नळ कसा चालेल?

आधी खात्री करा. राउटरला हात लागेल इतक्या जवळ उभं राहून, शेवटी ५जी असलेल्या नावाला फोन जोडून, स्पीड टेस्ट लावून बघा. तिथे नव्वदच्या पुढे दिसला, तर बाहेरून येणारं नेट ठीक आहे, दुखणं घरातलं आहे. तिथेच कमी दिसला, तर मात्र कनेक्शनवाल्याला बोलवा. राउटरवर लाल लाईट लागते का, फायबरची पिवळी किंवा काळी तार खिळ्याला करकचून वळवलीय का, एवढं तो येण्याआधी बघून ठेवा. ती तार आत काचेची असते, तिला काटकोन सोसत नाही.

आता घर मोजायचं. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर म्हणून फुकट अ‍ॅप मिळतात. त्यात रेंजचा, उणे चिन्हाचा एक आकडा दिसतो. उणे ५० म्हणजे मस्त, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला नुसती कांडी दिसते, काम होत नाही. माझं घरही तुमच्यासारखंच, जुनं. राउटरच्या खोलीत उणे ४२, माजघरात दार उघडं असताना उणे ५८. दार ओलांडून दीड फुटी दगडी भिंतीच्या आड एक पाऊल सरकलो आणि आकडा उणे ७६! एका पावलात. दार लाकडी आहे, ते लावलं तरी दोन-तीनचाच फरक पडला. म्हणजे खरा अडसर दगड. असं चालत चालत बघितलं की कुठली भिंत खातेय ते कळतं, आणि बहुतेक वेळा आपला अंदाज चुकलेला असतो.

लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज, पत्रा हेही वाटेत नकोत. आणि आपल्याकडचं खास म्हणजे पाणी. चार-पाच दिवसांआड नळ येतो म्हणून प्रत्येक गच्चीवर दोन-दोन टाक्या. पाणी वायफायच्या लहरी गिळून टाकतं, हे मी पुस्तकातून नाही, भावाच्या घरी शिकलो. त्याचा राउटर जिन्याच्या टोपीत, त्याची खोली गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये हजार लिटरची काळी टाकी. नळ आला की त्या संध्याकाळी नेट गेलंच. वहिनी म्हणायच्या, मोटर लावली की वायफाय बिघडतं. मोटारीचा दोष नव्हता. टाकी रिकामी असली की लहरी प्लॅस्टिकमधून आरपार, भरली की मध्ये पाण्याची भिंत. राउटर चार फूट बाजूला सरकवला, काम झालं.

राउटरवर दोन नावं दिसत असतील, एकाच्या शेवटी ५जी. ते सिमचं फाईव्ह-जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. वेग जास्त, पण भिंत लागली की मान टाकतो. २.४ चा पट्टा भिंतीतून थोडा अधिक जातो, पण पेठेत घराला घर लागून, सगळ्यांचे राउटर त्याच पट्ट्यात ओरडतायत. सेटिंगमध्ये २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा दिसेल तो ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ३ किंवा ८ असा मधला ठेवला की दोन्ही बाजूंचा गोंगाट आपल्याच कानात येतो.

एवढं करून राउटर टीव्हीवरून काढून जिन्याच्या तोंडाशी उंचावर आणला तर थोडा फरक पडेल. थोडाच. तुमच्या घराला खरा इलाज वायरचा आहे. दगडातून लहरी ढकलत बसायच्या नाहीत. नेट वायरने वरच्या खोलीत न्यायचं आणि तिथून पुढे वायफाय सोडायचं.

आपली पोरं सर्रास सांगतात, 'मालक, रिपीटर लावा की, हजार-बाराशेत काम होतंय.' मीही लावला होता. रिपीटर आधी स्वतः लहर पकडतो, मग पुढे फेकतो. दोन्ही कामं एकाच पट्ट्यावर केली तर वेग साधारण निम्मा होतो. शिवाय तो जिथे रेंज नाही तिथेच लावतात, मग पकडणार काय? कांड्या चारही दिसतात, क्लास तुटायचा तो तुटतोच. महागडा मेश संच (एकमेकांशी जोडलेले दोन-तीन राउटर) घेतला तरी तुमच्या दगडापुढे त्यालाही वायरच लागेल.

वायर कॅट ६ (नेटची आठ तारांची वायर) घ्या, शुद्ध तांब्याची. दुकानात सुटा तुकडा मागून एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, परत द्या. गच्चीवरून किंवा बाहेरून जाणार असेल तर काळ्या जाड आवरणाची, उन्हासाठीची. माझी पहिली वायर घरातली साधी होती. सोलापूरचे दोन उन्हाळे झाले आणि आवरण पापडासारखं तडकलं. मागाच्या थ्री-फेज वायरींना चिकटून समांतर नेऊ नका, ओलांडायचीच तर आडवी ओलांडा. शंभर मीटरपर्यंत काळजी नाही, तुमचं घर त्याच्या आतच संपतं. आठही तारा नीट जोडून घ्या. पुढे कधी मोठा प्लॅन घेतलात आणि वेग ९४-९५ वर अडकला, तर एखादी तार सुटली आहे किंवा राउटरचं वायर घालायचं भोक, म्हणजे पोर्ट, शंभरचाच आहे असं समजा.

दुसऱ्या टोकाला नवा राउटर लागेलच असं नाही. आधीच्या कनेक्शनचा जुना माळ्यावर पडला असेल तर तो उतरवा. त्यात अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (वायरने आलेलं नेट नुसतं वायफायवर सोडायचं काम) असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचा पत्ता बदला (मुख्य राउटरचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२), डीएचसीपी (फोनांना पत्ते वाटायचं काम, ते मुख्य राउटरच करेल) बंद करा आणि वायर वॅनमध्ये (बाहेरून नेट येण्याचं भोक) नाही, लॅनच्या (घरातल्या वायरींच्या) भोकात घाला. हेच लोक चुकतात. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच, चॅनल मात्र वेगळे, एकीकडे १, दुसरीकडे ११.

शेडमध्ये काय करायचं ते वेगळं. पत्रा लहरी परतवतो, त्यामुळे घरातून आत काही शिरणार नाही. तिथे वायरने आणखी एक पॉइंट न्यावा लागेल. तो मागांपासून लांब, उंचावर लावा आणि महिन्याला ब्रशने झाडा, नाहीतर कापसाचा धुरळा जाळीत बसून एप्रिलमध्ये तापून बंद पडतो. बंद डब्यात मात्र कोंडू नका. शेड आणि घर यांच्यामधली वायर उघड्यावरून जाणार, म्हणून वळवाचे ढग दाटले की, विजा सुरू होण्याआधीच, दोन्ही टोकं काढून ठेवायची. आमच्या गल्लीत एकाचे दोन पोर्ट एका संध्याकाळी गेले.

लाईट जाते तेव्हा फक्त खालचा राउटर इन्व्हर्टरवर ठेवून उपयोग नाही, वरचाही लागेल. बारा व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस मिळतो. अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते बघूनच घ्या.

आणि वायर विकत आणण्याआधी सुतळी घ्या. टीव्हीपासून जिन्याच्या कडेने, जिथून खरोखर वायर जाणार तिथूनच, वरच्या खोलीपर्यंत सुतळी धरून मोजा, वर दोन-तीन मीटर जास्त धरा. मी नजरेने अंदाज करून तीस मीटर आणली होती, ती लेकीच्या टेबलापासून चार मीटर अलीकडे संपली.