शाकाहारी असताना जपानमध्ये होस्ट फॅमिलीकडे जेवणाचं कसं जमतं?

तुम्ही विचारलंय की सहा महिने जपानला होस्ट फॅमिलीकडे राहायचंय, मांस-मासे अजिबात खात नाही, मग रोजच्या जेवणाचं काय. मी ओकायामाला (पुण्यातल्या सिंहगड रोडची पु. ल. देशपांडे बाग ज्या कोराकुएन बागेवरून केलीये, ती तिथलीच) एका कुटुंबाकडे एक सेमिस्टर राहिलेय आणि मीही शाकाहारी, म्हणून सांगते.

जमतं. पण फॉर्मवर नुसतं "व्हेजिटेरियन" लिहून थांबू नका, तिकडे बऱ्याच जणांना त्याचा अर्थ मांसाचे तुकडे नकोत एवढाच वाटतो. खरा प्रश्न दाशीचा आहे. दाशी म्हणजे त्यांच्या स्वयंपाकाचं मूळ पाणी, बहुतेक घरांत ते कात्सुओबुशी म्हणजे सुकवलेल्या बोनितो माशाच्या किसाचं असतं, आणि मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, उदोन नूडल्सचा रस्सा, सगळ्यात तेच, मासा डोळ्याला दिसतच नाही. मी पहिले दहा दिवस मिसो सूप आवडीने प्यायले आणि मग कळलं. रडूच आलं. पण माझ्यापेक्षा ओकासानना (होस्ट आईला हेच म्हणायचं) जास्त वाईट वाटलं, सारखं माफी मागत होत्या, खरं तर चूक माझी, मी नीट सांगितलंच नव्हतं. त्याच रात्री त्यांनी कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि सुके शिताके मशरूम पाण्यात भिजत घातले आणि सकाळपासून माझ्यासाठी वेगळं दाशी. बौद्ध मठांतल्या शोजिन र्योरी जेवणात असंच करतात, तिथे तर कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे त्यांना ही कल्पना परकी नव्हती. तर पहिल्याच दिवशी सांगा: निकु, साकाना, साकाना नो दाशी मो ताबेमासेन, म्हणजे मांस, मासे, माशाचं दाशीसुद्धा खात नाही. करीच्या तयार वड्यांतही बऱ्याचदा बीफची किंवा डुकराची चरबी असते, पाकीट त्यांच्यासोबत बसून वाचा.

दुसरं, रात्री जेवायला नसाल तर दुपारीच मेसेज करा. मी एकदा मैत्रिणींबरोबर बाहेर जेवले, कळवलं नाही, नऊला घरी आले तर माझे वाडगे झाकून ठेवलेले आणि ओकासान न जेवता बसलेल्या. आपली आई बसते ना, अगदी तशा. ते अजून आठवतं.

बाकी रीतीभाती पटकन येतात, जेवणाआधी इतादाकिमासु म्हणायचं, नंतर गोचिसोसामा, भाताचा वाडगा हातात उचलून खायचा. फक्त दोन गोष्टी चुकूनही नकोत, भातात चॉपस्टिक उभ्या खुपसणं (मेलेल्या माणसासाठी ठेवलेल्या भातात तशा खुपसतात) आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देणं, कारण अंत्यसंस्कारानंतर अस्थी तशा उचलतात. पिंडाचा भात आपण जेवायच्या ताटात वाढू का, तसंच आहे ते.

आणि हो, मेतकूट न्या. ते लोक भातावर फुरिकाके भुरभुरवतात, त्यातही बहुतेक वेळा मासाच असतो, मी माझा मेतकुटाचा डबा टेबलावर ठेवला आणि दोन आठवड्यांनी ओतोसान, म्हणजे होस्ट वडील, रोज सकाळी तोच डबा मागायला लागले. मला आईकडून अजून अर्धा किलो मागवावं लागलं.